झिरोच्या खाचरात आईची उघाडी

ज्या गावांना मी कधी गेले नाही, त्यांची वर्णनं तपासण्याचा मला पगार मिळतो. ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीत आमची टीम बसते आणि प्रवाशांसाठीच्या एका वेबसाइटची पानं नीट करते. देशाच्या टोकाटोकाचे प्रांत आमच्याकडे असतात. प्रत्येक पानाचे तीन भाग ठरलेले: भूगोल, लोक आणि पाहण्यासारखी ठिकाणं. टीममधला एकजण लडाखवाला, एक अंदमानवाली आणि मी अरुणाचलवाली. तवांगच्या थंडीबद्दल मी इतकं ठासून लिहिते की वाचणाऱ्याला वाटावं, बाई तिकडेच लहानाची मोठी झाली. प्रत्यक्षात मी सारसोळ्याची. नेरूळच्या टॉवरांच्या पोटात आमचं जुनं कोळीवाड्याचं गाव आहे, तिथली.

एका संध्याकाळी जेवताना मी आईला मोबाइलवर माझंच एक पान वाचून दाखवत होते. झिरो नावाची डोंगरातली एक सपाट दरी, तिथले आपातानी लोक, आणि तिथली भातशेती. वाक्य मीच बसवलेलं होतं, त्यामुळे जरा ऐटीत वाचलं: या शेतांत भात आणि मासे एकाच पाण्यात वाढतात.

"त्यान नवल काय?" आई म्हणाली. "आपले शेतान पन व्हते."

आमची शेती शहर वसवायला गेली तेव्हा आई लहान मुलगी होती. खाडीकाठची ती खाचरं, पावसात भाताच्या मुळाशी शिरणारे मासे, हे सगळं ती सांगायची आणि आम्ही भावंडं "हो गो हो" करून पुढचा घास घ्यायचो. जिथे तिची शेतं होती तिथे आता सोसायट्यांचं पार्किंग आहे. पार्किंगमध्ये मासे होते यावर कोण विश्वास ठेवणार! पण त्या दिवशी तिनं माझा मोबाइल हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला आणि घास तसाच ताटात ठेवला.

"बांधावर नाचनी हाय," ती म्हणाली. "ही बघ. नाचनीच हाय ती. मना ने तिकडं."

माझ्या आईनं आयुष्यात मला कशाचाही हट्ट केला नव्हता. मी उडालेच. जेवण अर्धवट टाकून लॅपटॉप उघडला. सुट्ट्या कुठे जोडून येतात ते पाहिलं, आणि ऑगस्टमधली लांब सुट्टी दिसताच माझा हात थांबला, कारण त्यातच नारळी पौर्णिमा येत होती. नारळी पौर्णिमेला कोळीवाडा सोडून जाणं म्हणजे दिवाळीला घराला कुलूप लावण्यासारखं.

"मग त्याच सुट्टीन जाऊ," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मना इथं नाय राहायचं त्या दिवशी."

मला लगेच कळलं. बाबा होते तेव्हा जेट्टीवर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ बाबांच्या हातात असायचा आणि आईचा हात बाबांच्या मनगटाला. दोघं मिळून तो दर्याला द्यायचे. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या पौर्णिमेला दादा आणि वहिनी पुढे झाले आणि आई बायकांच्या सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला कुणीही मागे हो म्हणालं नाही. ती आपणहून गेली. पण पुढे ये असंही कुणी म्हणालं नाही. दादा वाईट नाही, वहिनी तर आईच्या पायाशी बसून जेवते. तरी तो दिवस आला की माझं डोकं फिरायचं, आणि आई मात्र घरी येऊन शांतपणे नारळीभात ढवळत बसायची.

"तिकडं पानी हाय ना?" तिनं विचारलं. "व्हातं पानी?"

"नदी आहे की. का?"

"मना नारल सोडायचा हाय. माज्या हातानं. तिकडं आपल्याला कोन वलखतो?"

एवढंच होतं तिचं मागणं. मी तिथल्या तिथे तिकिटं काढली. ऑफिसमध्ये साहेबांनी विचारलं, ऑगस्टमध्ये अरुणाचल? तिकडे पावसाळा, दरडी कोसळतात, तूच तर पानावर लिहिलंयस की या महिन्यात जाऊ नये! मी म्हटलं, सर, ते टुरिस्टांसाठी.

विमानतळावरच पहिला गोंधळ. सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर आईची पिशवी अडली. त्यात नारळ होता, शेंडीसकट, तिच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधलेला. हातातल्या सामानात नारळ चालत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. असल्या नियमांची पानं मीच लिहिते ना! तपासणीवाली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काकू, हा इथेच ठेवावा लागेल." आईनं तिच्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं आणि पट्ट्याशेजारी ठाण मांडून उभी राहिली. भांडली नाही, रडली नाही. हललीच नाही. मागची रांग खोळंबली. शेवटी मी नारळ घेऊन धावत परत काउंटरवर गेले, पिशवी मोठ्या सामानात टाकून घेतली आणि धापा टाकत परत आले. आई तोवर त्या मुलीला गळ्यातली सोन्याची माळ दाखवत होती. मुलगी पेणची निघाली. दोघींचं गूळपीठ जमलं होतं.

गुवाहाटीला उतरलो. तिथून रात्रभराच्या गाडीनं डोंगराच्या पायथ्याशी. अरुणाचलात शिरायला परवाना लागतो, त्या नाक्यावर आमचे कागद पाहिले आणि तिथून सुमो. मी खिडकीला चिकटले होते. काय काय दिसत होतं म्हणून सांगू! केळीचं रान, बांबूचं रान, ढग रस्त्यावर उतरलेले, एका वळणावर धबधबा चक्क टपावर कोसळला आणि सगळी सुमो एकसुरात ओरडली. मी आईला सारखी सांगत होते, ही अमुक नदी, हा तमुक डोंगर. पानं पाठच होती मला. आई म्हणाली, "गो, जरा गप बस. मना बगू दे."

आणि मग चढण संपली. डोंगर दोन्हीकडे बाजूला सरले आणि मध्ये एक भली मोठी सपाट दरी उघडली, पाइनच्या झाडांची कड असलेली आणि आत सगळं भातच भात. त्या हिरव्यात पाण्याच्या चौकटी चमकत होत्या. या दरीबद्दल मी किती वेळा लिहिलं असेल! आईनं ड्रायव्हरच्या खांद्यावर थापटून गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला उतरली, चपला काढल्या आणि बांधावर जाऊन उकिडवी बसली. बांधाच्या दोन्ही कडांना नाचणी होती. पाण्यात बोट घालून तिनं वर पाहिलं.

"हायत," ती म्हणाली. "मासे हायत गो!"

तिचा चेहरा मी असा कधी पाहिलाच नव्हता. मला भरून आलं आणि हसूही आलं. सुमोतली माणसं टाळ्या वाजवत होती, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

आम्ही उतरलो होतो ते घर बांबूचं, खांबांवर उभं. घरात एक बाई, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, आणि तिची म्हातारी आई. मुलीला हिंदी उत्तम येत होतं, म्हातारीला फक्त आपातानी. म्हातारीच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदणाची एक निळसर रेघ आणि हनुवटीवर उभ्या रेघा. तिच्या पिढीच्या बायकांच्याच चेहऱ्यावर हे गोंदण दिसतं, पुढच्या पिढीनं ते थांबवलं. माझ्या पानावर मी त्याबद्दल एक सावध वाक्य लिहिलं होतं: स्थानिकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत. आईनं ते पान वाचलेलं नव्हतं. ती सरळ चुलीपाशी जाऊन म्हातारीच्या समोर बसली, पदर सारला आणि स्वतःच्या हातावरचं गोंदण पुढे केलं. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे ठिपके, एक तुळस, एक मासा. म्हातारीनं तिचा हात धरला, बोटानं मासा गिरवला आणि काहीतरी बोलली.

"अम्मा पूछ रही है, दर्द हुआ था?" मुलीनं सांगितलं.

"बहोत!" आई म्हणाली. "मैं तो भागी थी. मेरे को चार औरत ने पकड्या."

हे ऐकून म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. तिलाही धरून ठेवलं होतं म्हणे. मग दोघी बसल्या त्या बसल्याच. आईनं घरून आणलेली बरणी उघडून सुका जवळा काढला, म्हातारीनं वास घेऊन मान डोलावली आणि आढ्याला टांगलेले धुरावलेले सुके मासे काढून आईच्या मांडीवर ठेवले. माझी तिथे काही गरजच उरली नाही. मी पाहण्यासारख्या ठिकाणांची नावं घेऊन पाहिली, पाइनचं बन, उंचावरून दरी दिसते ती टेकडी, जंगलातलं मोठं शिवलिंग. आई म्हणाली, "उद्या बगू."

उद्या म्हणजे पौर्णिमा.

रात्री पावसानं झोडपलं. सकाळी मी उठले तर आईचं अंथरूण रिकामं. बाहेर आले तर खालच्या खाचराच्या बांधावर तिची पाठ दिसली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात कोपरापर्यंत चिखलात. मी हाक मारणार तेवढ्यात घरमालकीण माझ्या मागून किंचाळली.

"आंटी! मत खोलो! मत खोलो!"

उशीर झाला होता. आईनं उघाडी उघडली होती.

उघाडी म्हणजे आमच्याकडच्या खारीच्या, खाडीकाठच्या शेताच्या, बांधातलं दार. रात्री फार पाऊस झाला आणि खाचर तुडुंब भरलं की ओहोटीच्या वेळी उघाडी उघडायची, पाणी खाडीत सोडून द्यायचं, नाहीतर भात कुजतो. आईच्या लहानपणी ते काम घरातल्या पोरींचं होतं. इथे तिनं पहाटे पाहिलं, खाचर काठोकाठ भरलंय, बांधातल्या लाकडी नळीच्या तोंडाला गवत आणि काडीकचरा अडकलाय. कुणी उठलेलं नाही, पाहुण्यानं एवढं काम करायला काय हरकत आहे? म्हणून तिनं कचरा ओढून काढला. त्या कचऱ्यात बांबूच्या काड्यांची विणलेली जाळीही होती. ती जाळी मासे आत राहावेत म्हणून लावतात. खारीत मासा गेला तर भरतीला दुसरा येतो. या डोंगरात भरती कुठून येणार!

नळीतून पाणी धो धो खालच्या खाचरात पडत होतं आणि पाण्याबरोबर मासे, तळहाताएवढे, चकाकणारे, एकामागून एक. खालचं खाचर शेजाऱ्याचं. यांचं हंगामाचं खाणं, आणि आम्ही काल आलेले पाहुणे! आईच्या हे लक्षात आलं आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं. पुढच्याच क्षणी ती नळीच्या तोंडावर आडवी बसली. अक्षरशः बसली, पाठीनं नळी बंद करून.

"टोपली!" ती ओरडली. "बाई, टोपली लाओ!"

मग जे काही झालं, त्याला मी आजही एकटीच हसते. घरमालकीण टोपल्या घेऊन धावली, मी पायजमा खोचून खालच्या खाचरात उडी मारली आणि पहिल्याच पावलाला चिखलात बसले. शेजारी घराबाहेर आला, काय चाललंय ते पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "इधर आया तो मेरा मछली!" मला वाटलं आता भांडण. पण तो टोपली घेऊनच आला आणि भाताच्या ओळींमधून वाकून मासे पकडू लागला. त्याची बायको आली, सासू आली. म्हातारी अम्मा वरच्या सोप्यातून हातवारे करत सगळ्यांना कुठे मासा गेला ते सांगत होती. जाळी परत बसवल्यावर आईही उतरली. मी एकेका माशामागे धावून चिखल खात होते आणि आई जागेवर उभी राहून, हात पाण्यात सोडून, मासा पायाशी येऊ देत होती. आला की उचलायची. शेजाऱ्यानं तिच्या टोपलीत डोकावून शिट्टी वाजवली.

निम्मेअधिक मासे मिळाले. उरलेले शेजाऱ्याकडेच राहिले, त्यावर तो म्हणाला की कापणीच्या वेळी मोजून परत करतो, फक्त त्यांची नावं सांगा. सगळे खो खो हसले. आई मात्र हात जोडून उभी होती.

"मेरी गलती. हमारे उदर खोलते है," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "हमारा भी ऐसाच खेत था."

घरमालकिणीनं तिचे चिखलाचे हात आपल्या हातात घेतले. "था मतलब?" तिनं विचारलं. "अब नहीं है?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, आता तिथे शहर आहे. म्हातारीला ते आपातानीत सांगितलं गेलं. ती मुलीला म्हणाली की आज दुपारी मासे हिला वाढ, सगळ्यांच्या आधी.

जेवण झालं. पकडलेल्यातलेच काही मासे बांबूच्या नळीत शिजवलेले, मीठ-मिरची एवढाच मसाला, आणि वाफाळता भात. आईनं सगळं चाटूनपुसून खाल्लं. मग हात धुऊन आली आणि पिशवीतून नारळ काढला. शेंडी नीट केली, हळद-कुंकू लावलं, मी आणलेला सोनेरी कागद गुंडाळला. आम्ही निघालो तशी अम्माही काठी घेऊन निघाली आणि मुलगी तिच्यामागे. नदी तिथे लहानच आहे, कमरेएवढी, पण पावसानं जोरात होती.

काठावर आल्यावर आई थांबली. नारळ माझ्यापुढे धरला.

"तू सोड."

"मी? आई, आपण एवढ्या लांब कशाला आलो?"

"तू सोड गो. बरं दिसत नाय."

मला इतका संताप आला की काय सांगू! इथे आम्हाला ओळखणारं चिटपाखरू नाही, तरी सारसोळ्याची जेट्टी तिनं पाठीवर बांधून आणली होती. मी हात मागे घेतले. घेणारच नव्हते. आम्ही दोघी तशाच उभ्या. तेवढ्यात अम्मानं नारळ आईच्या हातातून घेतला. आमच्या मागणी-नकाराशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिला ती वस्तू पाहायची होती. तिनं शेंडी हुंगली, कानाशी नेऊन हलवलं, आत पाणी वाजलं तशी डोळे मोठे करून हसली. मग मुलीला काही विचारलं.

"अम्मा पूछ रही है, ये पानी को कौन देता है?"

मी म्हटलं, "घर का आदमी देता है. पापा देते थे, मम्मी साथ में. अब पापा नहीं हैं."

मुलीनं ते अम्माला सांगितलं. अम्मानं आईकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि एक बोट वर केलं. तीही एकटीच होती, मुलीनं सांगितलं, फार वर्षांपासून. मग अम्मानं नारळ आईच्या हातात परत ठेवला आणि स्वतःचा हात आईच्या मनगटाला लावला. आमच्याकडे हात कुठे लावतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारी माणसं पाण्याशी जाताना एकमेकींना धरतात, तसं तिनं धरलं असेल. आईनं त्या हाताकडे पाहिलं आणि पुढे झाली.

पाण्याला पाय लागला तसा तिनं नारळ सोडला. तो दोन हात गेला आणि दगडाला अडकला. आई पाण्यात उतरली, वाकून हातानं त्याला ढकललं आणि म्हणाली, "जा रे बाबा." नारळ फिरला, सुटला आणि कागद चमकवत वळणापर्यंत गेला.

"कुठं जाईल?" तिनं विचारलं.

हा माझा विषय! मी एका दमात सांगितलं. ही नदी डोंगर उतरून आसामात मोठ्या नदीला मिळते, ती ब्रह्मपुत्रेला, मग बांगलादेश आणि मग समुद्र.

"आपला दर्या?"

"नाही गं. पलीकडचा."

"आसू दे," आई म्हणाली. "तिकडचे पन कोली असतील."

परतताना घराजवळच्या चढावर मोबाइलला रेंज आली आणि लगेच दादाचा व्हिडिओ कॉल वाजला. जेट्टीवर होता. मागे बँजो, रंगीत पताका लावलेल्या होड्या, गर्दी. वहिनी नवी साडी नेसून नारळ घेऊन उभी.

"आये, कशी हायस? समदे इचारतान!" दादा बँजोवर ओरडला. "आमी सोडतोय आता. तुजी आठवन येते गो!"

"मी सोडला," आई म्हणाली.

"काय?"

"नारल. मी सोडला. माज्या हातानं."

स्क्रीनवर दादाचं तोंड उघडं तसंच राहिलं. मग चित्र थिजलं आणि कॉल तुटला. त्याला ऐकू गेलं होतं की रेंज गेली होती, कळायला मार्ग नव्हता. आईचा पदर चिखलानं भरलेला, गुडघ्यापर्यंत ओली, मागून अम्मा काठी टेकत येत होती. मी मोबाइल खिशात टाकायला लागले तर आईनं माझा हात धरला.

"परत लाव," ती म्हणाली. "आनि त्याला सांग, बँजो थांबव. समद्याना ऐकू जाऊ दे."